बरसीमचं बी आलं, माती मागे राहिली



गेल्या रब्बीत आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात बरसीमचे दोन पट्टे होते. दोन्ही पाच-पाच गुंठ्यांचे. बी एकाच पिशवीतलं, पेरणी एकाच संध्याकाळी, पाणी एकाच मोटारीचं. मधे फक्त बांध आणि पाण्याचा दांड. पन्नास दिवसांनी एक पट्टा गुडघ्याला लागत होता, काळपट हिरवागार. दुसरा घोट्याच्या वर गेला नव्हता आणि रंग असा, की जनावरानंसुद्धा वास घेऊन तोंड फिरवावं. येणारा-जाणारा विचारायचा, "इकडं युरिया टाकायचा राहिला काय?"

युरिया कुठंच टाकला नव्हता. फरक होता तीन घमेली मातीचा. ती माती कुठून आली आणि का लागली, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागतं. पार नाईल नदीपर्यंत. पेरणीचे दिवस जवळ आलेत, म्हणून आत्ताच लिहितो.

आधी पिकाची ओळख, कारण आपल्याकडे गोंधळ होतो. आमच्या नगर भागात नुसतं 'घास' म्हटलं की लसूणघास. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचा. बरसीमही दिसायला तसाच, तीन पानांचा, पण हे पीक वेगळं. हा क्लोव्हर आहे आणि तोही एका हंगामाचा. ऑक्टोबरात पेरायचा, डिसेंबरपासून कापायचा, आणि ऊन तापलं की फुलून, बी धरून संपायचा. फूल पांढरट पिवळसर, लसूणघासासारखं जांभळं नाही. लिनियसनं १७५५ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं ते ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम. अलेक्झांड्रिया म्हणजे नाईलच्या मुखाशी असलेलं इजिप्तचं बंदर. गंमत अशी की रानटी बरसीम म्हणून कुठं सापडत नाही. त्याचे जवळचे रानटी भाऊबंद सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला आहेत. तिकडून ते कधीतरी इजिप्तमध्ये गेलं आणि तिथंच घरचं झालं.

इजिप्तमध्ये ते कसं पिकायचं हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. तिथं पाऊस जवळजवळ नाही. जे काही आहे ते नदीचं. जुन्या पद्धतीत नाईलला ऑगस्टमध्ये पूर यायचा. शेतकरी मोठमोठे बांध घालून शेकडो एकरांची तळी करून ते गढूळ पाणी शेतात कोंडायचे. महिना-दीड महिना पाणी उभं राहायचं, गाळ खाली बसायचा, मग पाणी पुढं सोडून द्यायचं. राहिलेल्या चिखलावर बी फेकायचं. गहू, बाकला आणि बरसीम. नांगर नाही, कुळव नाही. आपल्या भंडारा-गोंदियाकडं उभ्या धानात लाखोळी फेकतात ना, त्याच जातीची ही युक्ती. ओल मातीत आहे तोवर बी रुजलं पाहिजे, एवढंच बघायचं.

नेपोलियनच्या स्वारीबरोबर १७९८ मध्ये जे फ्रेंच विद्वान इजिप्तला गेले, त्यांतल्या गिरार नावाच्या इंजिनिअरनं तिथल्या शेतीवर मोठा लेख लिहिला. त्यातही बरसीम आहे. हिवाळाभर तिथली म्हैस, बैल, गाढव, उंट सगळं याच्यावर. कापून आणण्याऐवजी जनावरच शेतात खुंटीला बांधायचे. दावं जेवढं लांब तेवढं खाऊन झालं की खुंटी पुढं. शेण तिथंच पडायचं. उन्हाळ्यात मग भुसा आणि कुट्टी. म्हणजे जनावरांचं वर्ष दोन भागांत विभागलेलं, हिरवं आणि वाळलं, आणि हिरवं म्हणजेच बरसीम.

त्याचे प्रकारही पाण्याप्रमाणे पडलेले. फाहल नावाचा प्रकार पुराच्या ओलीवर यायचा. उंच वाढायचा, पण एकदा कापला की संपला, कारण त्याला फुटवे वरच्या खोडावर येतात आणि कापताना तेच जातात. सईदी हा वरच्या, दक्षिणेच्या इजिप्तचा, खोल मुळाचा, कमी पाण्यावर तग धरणारा. आणि मस्कावी, ज्याला आपण मेस्कावी म्हणतो, त्याला फुटवे बुडातून येतात. म्हणून तो पुन्हा पुन्हा कापता येतो. पण प्रत्येक कापणीनंतर त्याला पाणी लागतं, आणि पुराच्या शेतीत ते मिळणार कुठून?

ते मिळालं कापसामुळं. १८२० नंतर मुहम्मद अलीच्या राज्यात लांब धाग्याचा कापूस आला. कापूस उन्हाळ्यात उभा राहतो, तेव्हा नदी आटलेली असते. म्हणून खोल कालवे खणले, बंधारे बांधले, बारमाही पाण्याची सोय केली. पाणी बारमाही झालं आणि मस्कावीला दिवस आले. त्याच वेळी एक दुसरी गोष्ट घडली, जी आपण ऊसवाल्यांनी नीट ऐकावी. पूर बंद झाला तसा दरवर्षीचा गाळही बंद झाला. जमिनीवर मात्र कापूस, मका, गहू असा सगळा खाणारा भार. तिथं बरसीम हे जमिनीला काहीतरी परत देणारं मोठं पीक उरलं. कापसाच्या आधी दोन-तीन कापण्या घेऊन ते गाडायचं किंवा मोडायचं, अशी फेरपालटच बसली. इजिप्तच्या कापसाचं जगात नाव झालं, पण त्या कापसाच्या पायाखाली बरसीमचं शेत होतं, हे कमी लोक सांगतात.

दोघांचं भांडणही होतं. कापसाची पानं खाणारी अळी (आपल्या स्पोडोप्टेराचीच चुलत बहीण) वसंतात बरसीमवर वाढायची आणि बरसीम वाळला की शेजारच्या कोवळ्या कापसावर जायची. म्हणून तिथं कायदाच केला, १० मे नंतर बरसीमला पाणी द्यायचं नाही. चाऱ्याला पाणी दिलं म्हणून गुन्हा. आपल्याकडे असा कायदा निघाला तर काय होईल, विचार करा.

आता हे पीक जगभर कसं निघालं. १९०२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या डेव्हिड फेअरचाइल्डनं बरसीमवर एक पुस्तिका काढली. हा माणूस जगभर हिंडून बियाणं गोळा करायचा. इजिप्तमध्ये त्यानं बरसीम बघितलं आणि आपल्या देशात हे झालंच पाहिजे असं मनावर घेतलं. पण तिकडची थंडी या पिकाला सोसेना. कडक गारठ्यात टिकणारं 'बिगबी' नावाचं वाण मिसिसिपीत निघायला १९८४ उजाडलं.

आपल्याकडे ते आलं १९०४ साली, सिंधमध्ये. आणि सिंध त्या वेळी होतं मुंबई इलाख्यात. १ एप्रिल १९३६ ला ते वेगळं झालं. म्हणजे सातारा-नगरचा शेतकरी आणि मिरपूरखासचा हारी एकाच सरकारच्या कागदावर होते. हिंदुस्थानात बरसीमची सुरुवात 'आपल्याच' इलाख्यात झाली म्हटलं तर खोटं नाही. मग पुढं ते पंजाबात का गेलं आणि दख्खनेत का नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता.

सिंधच का, याचं उत्तर पुन्हा कापूस. मिरपूरखास भागात १८९९ मध्ये जामराव कालवा सुरू झाला होता. वाळवंटात पाणी आलं, जमीन मोकळी, पाऊस नाही, गाळाची नदी, सौम्य हिवाळा. साहेबाच्या डोळ्यांसमोर दुसरं इजिप्त उभं राहिलं. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवाच होता. म्हणून इजिप्तचा कापूस सिंधमध्ये करून बघण्याचे प्रयोग त्या दशकात झाले. त्याच काळात त्या कापसाचा जोडीदार बरसीमही आला. कापूस काही जमला नाही. इजिप्तचा कापूस सिंधमधून गेला, पुढं अमेरिकन कापूस आला. बरसीम मात्र राहिलं. नवरदेव परत गेला आणि करवली इथंच नांदली, असा प्रकार.

सिंधच्या शेतीखात्यात काम केलेल्या जी. एस. हेंडरसन यांनी पुढं पुसाच्या संस्थेतून, १९१६ च्या सुमारास, हिंदुस्थानसाठी नवं चारापीक म्हणून बरसीमवर पत्रिका काढली. त्यानंतर ते उत्तरेकडे सरकत गेलं. सरहद्द प्रांत, पंजाब, संयुक्त प्रांत, जिथं जिथं कालवा होता तिथं. आज देशात बरसीम साधारण २० लाख हेक्टरवर धरलं जातं आणि त्यातलं बहुतेक पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश यांच्याकडे.

इथं मी मातीकडे येतो.

शेंगवर्गाचं पीक हवेतलं नत्र धरतं हे आज शाळेतलं पोरगंही सांगतं. पण ते १८८६ मध्ये जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवून दिलं, त्याआधी त्यावर विद्वानांची पन्नास वर्षं मारामारी चालली होती. गाठीतले जिवाणू वेगळे काढले ते बायरिंकनं, १८८८ मध्ये. १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी ते बाटलीत भरून 'नायट्राजिन' नावानं विकायला काढले. म्हणजे बरसीम सिंधला पोचलं तेव्हा ही विद्या नवीन होती. शेतकऱ्याला मिळेल असं खात्रीचं जिवाणू खत नव्हतंच म्हणा.

त्याच १९०४ च्या सुमाराला अमेरिकेत एक फजिती झाली. तिथल्या कृषी खात्याच्या जॉर्ज मूर यांनी जिवाणू कापसाच्या बोळ्यावर वाळवून टपालानं शेतकऱ्यांना फुकट पाठवायला सुरुवात केली. देशभर मागणी. वर्तमानपत्रांत कौतुक. नंतर लक्षात आलं की वाळवताना आणि प्रवासात जिवाणू मरतात, आणि बहुतेक शेतकऱ्यांना मिळाला तो नुसता कापूस. मला हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही, कारण माझ्याबाबतीत सव्वाशे वर्षांनी तेच झालं. ते पुढं सांगतो.

महत्त्वाचं हे की सगळे जिवाणू सगळ्यांना चालत नाहीत. लसूणघास आणि मेथी यांचे जिवाणू एका घरचे, रानात उगवणारी रानमेथीही त्यांच्यातलीच. हरभऱ्याचे वेगळे. वाटाण्याचे वेगळे. क्लोव्हरचे आणखी वेगळे. आपल्या जमिनीत मेथी पिढ्यान् पिढ्या आहे, म्हणून लसूणघास आला तेव्हा त्याला सोबत तयार मिळाली. क्लोव्हर मात्र दख्खनच्या काळ्या रानात पीक म्हणून कधी नव्हता. त्याचे जिवाणू असतील तरी हाताच्या बोटावर मोजण्याएवढे.

उलट पेशावर-अफगाणिस्तानच्या बाजूला शफ्तल नावाचा चारा जुन्या काळापासून होता. शफ्तल हाही एका हंगामाचा क्लोव्हरच, आणि बरसीमचे जिवाणू त्याच गोतावळ्यातले. माझा अंदाज असा की वायव्येकडे बरसीम गेलं तेव्हा त्याला मातीत ओळखीचं कोणीतरी भेटलं. हा अंदाजच आहे, कृषी विद्यापीठातल्या मंडळींना पटत नसेल तर जरूर सांगा. पण माझ्या दोन पट्ट्यांशी तो जुळतो.

दुसरी गोष्ट पेरणीची. पंजाबात बरसीम कसं पेरतात बघा. वाफ्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी भरतात, फळी किंवा दंताळं फिरवून ते गढूळ करतात, आणि रात्रभर भिजवलेलं बी त्या गढूळ पाण्यात फेकतात. पाणी जिरतं, गाळ बसतो, बीवर चिखलाचा पातळ थर येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ही भात लावायची सवय असेल. नंतर लक्षात आलं, हा नाईलचा पूर आहे. पाच गुंठ्यांच्या वाफ्यात, दोन तासांत. बी बारीक, जास्त खोल गेलं तर वर येत नाही. हजारो वर्षं पुराच्या गाळावर पडायची त्याला सवय. आपण काय करतो? पाभरीनं किंवा हातानं कोरड्यात टाकतो, वरून माती ओढतो आणि पाणी सोडतो. काळी जमीन, वर खपली धरते, खाली बी गुदमरतं. मग आपण म्हणतो बी खोटं निघालं.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि इथं दख्खनेचा दोष काढता येणार नाही. बरसीमला सुरुवातीला चार-पाच दिवसांनी आणि नंतर दहा-बारा दिवसांनी पाणी लागतं. हंगामात बारा-पंधरा पाळ्या सहज. आपल्या कालव्यांचं आवर्तन असं येत नाही. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेला पाणी आलं, पण ते ऊस धरून बसला. चाऱ्यासाठी कालव्याचं पाणी मागायला कोण जाणार? विहिरीवर ज्याची मोट, त्यानं एक-दोन वाफे लसूणघास करायचा. पुण्याच्या आसपास छावणीतल्या घोड्यांना तो लागायचा, पैसा रोख. एकदा पेरून तीन वर्षं कापायचं पीक असताना दरवर्षी पेरायच्या बरसीमच्या नादी कोण लागेल? आपले आजे-पणजे चुकले असं मला अजिबात वाटत नाही. शिवाय आपली थंडी आखूड. मार्च उजाडला की बरसीम दमायला लागतं, पंजाबात ते एप्रिल ओलांडून जातं. तिकडं पाच-सहा कापण्या, आपल्याकडे चार झाल्या तरी समाधान.

मग मी कशाला करतो? दोन कारणं. माझा लसूणघास मार्च ते जूनमध्ये ठीक चालतो, पण दर तीन वर्षांनी तो मोडून नवा धरेपर्यंत हिवाळ्यात हात रिकामे राहतात, आणि गाया व्यायच्या नेमक्या तेव्हा. दुसरं म्हणजे विहिरीजवळचा तुकडा थोडा चोपण आहे. उसाच्या पाण्यानं झालेला. पंजाबात कल्लर जमिनी भात आणि बरसीम फिरवून सुधारल्या, हे वाचलं होतं. पाण्यानं मीठ खाली जातं आणि मुळं जमीन उघडी करतात. म्हटलं बघू.

पहिल्या वर्षी दुकानातून बी आणलं, जिवाणू खताचं पाकीट आणलं. नियमाप्रमाणे गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं. बी चांगलं उगवलं. महिन्यानं पिवळं पडायला लागलं. आमचे अण्णा म्हणाले, "पाणी जास्त होतंय." पाणी ओढलं, आणखी पिवळं. वीस-पंचवीस रोपं खोऱ्यानं अलगद काढून बादलीत धुतली. एकाही मुळाला गाठ नाही. मुळं स्वच्छ, पांढरी, गव्हासारखी. शेवटी युरिया देऊन दोन कापण्या काढल्या. पाकिटाची तारीख संपलेली नव्हती. पण दुकानाचा पत्रा, एप्रिल-मेचं ऊन आणि खिडकीपाशी लावलेले खोके मी नंतर डोळ्यांनी पाहिले. जिवाणू म्हणजे जीव आहे, तो भाजून मरतो. मूरसाहेबांचा कापूस आणि माझं पाकीट, दोन्ही एकच.

त्याच उन्हाळ्यात श्रीरामपूरकडच्या एका पाहुण्यांच्या गावी गेलो होतो. तिथं एक तात्या बारा-तेरा वर्षांपासून अर्धा एकर बरसीम करतात. सैन्यातून आलेले, पंजाबात बघून आलेले. मी बियाणं मागितलं.

तात्या म्हणाले, "बी काय, कोणीबी आणतंय. बी बाजारात मिळतं. तू माती ने."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"हसू नको. मी पहिल्यांदा आणलं तेव्हा जालंधरहून ट्रंकेत माती आणली होती. बायको म्हणली, लोक साड्या आणतात, तुम्ही ढेकळं आणली."

"अहो तात्या, मग तेव्हापासून?"

"तेव्हापासून कायतरी चोळायची गरज पडली नाही. फक्त रान बदललं की चार पाट्या माती नव्या रानात."

आज हे ऐकून कोणाला अडाणी वाटेल, पण जिवाणू खताची पाकिटं निघायच्या आधी शेतीखात्यांची शिफारस हीच होती. पीक चांगलं आलेल्या रानातली वरची वीतभर माती घ्या आणि नव्या रानात मिसळा. आपल्याकडे पुसाच्या संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये मुळांवरच्या गाठींच्या जिवाणूंवर काम केलं, पाकिटं मग खूप पुढं, पन्नास-साठच्या दशकात आली. तोपर्यंत बरसीम एका गावातून दुसऱ्या गावात गेलं असेल ते असंच, कोणाच्या तरी ट्रंकेतून, कोणाच्या तरी बैलगाडीतून. याची नोंद कुठल्या पत्रिकेत मला सापडली नाही.

तर गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तात्यांच्या रानातली तीन घमेली ओलसर माती पोत्यात झाकून आणली. एका पट्ट्याचं दीड किलो भिजलेलं बी त्या चाळलेल्या मातीत कालवलं आणि दिवस मावळल्यावर गढूळ पाण्यात फेकलं, कारण ऊन या जिवाणूंना चालत नाही. दुसऱ्या पट्ट्यात तेवढंच बी, घरच्या मातीत कालवून. बाकी स्फुरद, पाणी, सगळं सारखं. पुढचं वर लिहिलंच आहे. पंचेचाळीसाव्या दिवशी रोपं उपटली तर तात्यांच्या मातीतल्या मुळांवर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी, नखानं फोडली की आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती बसून खाणारी. दुसऱ्या पट्ट्यात शोधून शोधून चार रोपांना दोन-दोन गाठी.

हिरव्या पट्ट्याच्या चार कापण्या झाल्या. पहिली पंचावन्न दिवसांनी, पुढच्या महिना-महिन्यानं. कापताना बुडाला तीन-चार बोटं राखायची, फुटवा तिथूनच आहे. चोपण सुधारली का, हे एका वर्षात सांगणं खोटं होईल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, कारण मातीबरोबर नको ते पाहुणेही येतात. ज्या रानात मूळकूज आहे किंवा अमरवेल आहे तिथली माती फुकट दिली तरी आणू नका. आणि बियाण्यात कासनी असते. निळ्या फुलाचं हे तण बरसीमबरोबर येतं. दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवून त्यात बी टाकायचं. हलकी कासनी वर तरंगते ती काढून टाकायची, आणि खालचं बी लगेच दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. मीठ राहिलं तर जिवाणूंचंच लोणचं होईल. हे सगळं माती किंवा संवर्धक लावायच्या आधी.

पोटफुगीचं सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो. कोवळा, दवाचा बरसीम उपाशी गायीला मोकळा टाकू नका. कापून चार-पाच तास सुकू द्या, कडब्याची कुट्टी मिसळा. इजिप्तचा शेतकरी दावं का बांधायचा, हे माझी गाय एकदा टिंबरल्यावर मला कळलं. खाण्यावर माप राहतं.

घरचं बी धरायचा प्रयत्न फसला. फेब्रुवारीअखेर कापणी थांबवून तुकडा सोडला, मधमाश्या होत्या, पण मार्चच्या झळांनी फुलं करपली. पाच गुंठ्यांच्या कोपऱ्यात जेमतेम वाटीभर बी आलं. म्हणजे बियाण्यासाठी आपण उत्तरेवरच अवलंबून. यंदा झाशीच्या गवत संशोधन संस्थेचं वरदान घेतलंय, शेजारी एका सरीला जुनं मेस्कावी.

यंदा पिवळा पट्टाही तात्यांच्या मातीचा करणार आहे. आता माती माझ्याच हिरव्या पट्ट्यातून निघेल. प्रवरा पट्ट्यातलं कोणी बरसीम पहिल्यांदा करत असेल तर दसऱ्यानंतर या, घमेलं आणि ओलं पोतं घेऊन या. मूळकूज नाही हे मी आणि तात्यांनी दोघांनी बघितलंय. सकाळी नको, उन्हं उतरल्यावर.